टायगर मॉथचं कुळ कोणतं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला राहतो. सोसायटीमागच्या नाल्याकाठी एरंड माजलाय. जुलैत त्याच्यावर काळे, केसाळ सुरवंट दिसले. सातवीतल्या माझ्या मुलानं दोन घरी आणले, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली आणि रोज एरंडाचं ताजं पान घालून ते वाढवले. एक मेला. दुसऱ्यानं स्वतःचेच केस गुंफून पातळ कोश केला आणि बारा-तेरा दिवसांनी पतंग बाहेर आला. पुढचे पंख राखाडी-तपकिरी, ठिपक्यांचे. मागचे गुलाबी, त्यावर काळे डाग. आता नावाशी गाडी अडलीय. माझे वडील शेतकी खात्यात होते, त्यांच्या जुन्या पुस्तकात ‘पेरिकॅलिया रिसिनी, कुल आर्क्टिइडी’ असं आहे. मुलाला शाळेतून मिळालेल्या यादीत ‘ओलेपा रिसिनी, कुल एरेबिडी’. आणि शेजारी प्राणिशास्त्र शिकलेली एक मुलगी आहे, तिच्या वहीत सगळे टायगर मॉथ ‘नॉक्टुइडी’त घातलेत. एका किड्याची तीन कुळं कशी? आणि मुलानं प्रकल्पात काय लिहायचं?
एक पालक, कर्वेनगर

उत्तर : वहीत काय लिहायचं ते आधी सांगते, म्हणजे मुलाचं काम थांबायला नको. ‘ओलेपा, बहुधा रिसिनी. उपकुल आर्क्टिइनी. कुल एरेबिडी.’ ‘बहुधा’ कशासाठी, ते पुढे येतंच.

तुमच्याकडची तिन्ही नावं आपापल्या काळात बरोबर होती. वडिलांचं पुस्तक तर अजिबात रद्दीत घालू नका. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ वर्गात ‘आर्क्टिइडी’ हेच कुल शिकवलं, फळ्यावर लिहिलं, परीक्षेत विचारलं. या नावाचं मूळ ग्रीक आहे, अस्वल या अर्थाच्या शब्दाचं. ‘टायगर मॉथ’ या इंग्रजी नावातला वाघ हा पतंगाच्या पट्ट्यांवरून आला आणि अस्वल सुरवंटाच्या केसांवरून. तुमच्या मुलानं डब्यात पाळलेलं ते अस्वलच.

आपल्याकडच्या पतंगांची पहिली मोठी मांडणी केली जॉर्ज हॅम्पसन यांनी. हा गृहस्थ आधी निलगिरीत चहाचे मळे करत होता, पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. भारतातल्या पतंगांवरचे त्याचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. हॅम्पसनचा सगळा भर पंखांच्या शिरांवर. पतंगाच्या पंखावर खवल्यांची भुकटी असते, रंग आणि नक्षी त्या भुकटीचीच. पंख स्पिरिटमध्ये भिजवायचा, मग रंग उडवणाऱ्या द्रावणात ठेवायचा आणि मऊ कुंचल्यानं खवले झाडायचे. खाली उरतो काचेसारखा पातळ पडदा आणि त्यातलं शिरांचं जाळं. वेताळ टेकडीवरून आणलेल्या एका मेलेल्या पतंगाचा पंख मी पहिल्यांदा असा स्वच्छ केला, तेव्हा पिंपळाच्या जाळीदार पानाची आठवण झाली. मागच्या पंखातली एक शीर कुठून फुटते, शेजारणीच्या किती जवळून निघते, यावरून माणसांनी शंभर वर्षं कुळं पाडली. आणि त्यांनी पाडलेल्या कितीतरी रेघा आजही टिकून आहेत.

पण एक कोपरा मात्र कायम अडगळीचा राहिला: नॉक्टुइडी. मध्यम बांध्याचे, तपकिरी, रात्री दिव्यावर येणारे, ज्यांचं नीट कुठे बसत नाही ते सगळे तिथे. त्याच्या शेजारी आर्क्टिइडी (आपले टायगर मॉथ) आणि लिमँट्रिइडी (दुसरे केसाळ सुरवंटवाले) अशी नीटनेटकी, स्वतंत्र घरं. मी हेच शिकले आणि हेच शिकवलं.

२००५ नंतरच्या सहा-सात वर्षांत हे घर दोनदा हललं. २००६ साली लाफोंटेन आणि फिबिगर या दोन अभ्यासकांनी टायगर मॉथसकट ही सगळी मंडळी एकाच प्रचंड नॉक्टुइडीत घातली. तुमच्या शेजारणीच्या नोट्स त्या मांडणीवरून आल्या असणार. मग २०११ मध्ये रेझा झाहिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या आठ तुकड्यांची तुलना करून या साऱ्या पसाऱ्याची वंशावळ नव्यानं काढली आणि त्यात सहा कुळं मानली. त्यांतलं एक एरेबिडी. टायगर मॉथ त्याच्या पोटात, उपकुल म्हणून. आज जगभर बहुतेक ठिकाणी हीच मांडणी वापरतात. आर्क्टिइडी आणि एरेबिडी ही दोन्ही नावं एकाच माणसानं, विल्यम लीचनं, एकाच वर्षी, १८१५ साली दिलेली आहेत. म्हणजे नवं कुळ कोणी शोधून आणलं नाही. दोन जुन्या नावांमधलं नातं काय, ते आता कळलं.

आता तुमचा खरा प्रश्न: असं का केलं? टायगर मॉथ इतके वेगळे दिसतात, त्यांना स्वतंत्र कुळ ठेवलं असतं तर बिघडलं काय असतं?

पुण्यात ज्यांच्या घरी कुलवृत्तांत आहे त्यांना हे चटकन कळेल. मूळ पुरुष एक. त्याची एक शाखा कोकणात राहिली, एक साताऱ्याला गेली, एक बडोद्याला. बडोदेकरांनी आडनाव बदललं, बोली बदलली, पागोट्याचा घाट बदलला. दिसायला आता कोणाशी मेळ नाही. पण कागदपत्रं पाहताना असं निघालं की बडोदेकर आणि सातारकर सख्ख्या भावांची मुलं आहेत आणि कोकणातले त्यांना लांबचे चुलत. मग कुलवृत्तांत लिहिणारा ‘बडोदेकर हे वेगळं कुळ, आणि सातारकर व कोकणातले मिळून दुसरं कुळ’ असं लिहू शकेल का? सातारकरांचा सगळ्यांत जवळचा भाऊबंद बाहेर काढायचा आणि लांबचा आत घ्यायचा, असं होईल ते. टायगर मॉथचं नेमकं तेच झालं होतं. ते या मोठ्या वंशवृक्षाच्या मधल्याच एका फांदीवर निघाले. त्यांना बाहेर काढलं, तर मागे उरलेल्यांना एकत्र बांधणारं काही राहत नाही.

दोनच वाटा होत्या. एक तर त्या झाडाच्या प्रत्येक फांदीला स्वतंत्र कुळ म्हणायचं आणि पंधरा-वीस छोटी कुळं करायची. नाहीतर सगळ्यांना एका छताखाली घ्यायचं. अभ्यासकांनी दुसरी वाट धरली. पहिली धरली असती तरी नातं तेच राहिलं असतं, फक्त पाट्या वेगळ्या लागल्या असत्या. मुलाला एवढं नक्की समजावा: कोण कोणाचा भाऊ हे शोधावं लागतं, ते खरं किंवा खोटं असतं. त्या गटाला कुल म्हणायचं की उपकुल, हे माणसांनी आपसांत ठरवायचं असतं. नावाच्या शेवटावरून दर्जा कळतो. ‘इडी’ असलं की कुल, ‘इनी’ असलं की उपकुल. आर्क्टिइडीचं आर्क्टिइनी झालं, म्हणजे शेवट बदलला. आतली माणसं जवळजवळ तीच राहिली.

खरं तर मला सगळ्यांत आनंद याचाच वाटतो. जनुकं तपासल्यावर जुन्या नॉक्टुइडीच्या चिंध्या झाल्या, पण टायगर मॉथचा गट अखंड निघाला. जगभरातल्या सुमारे ११ हजार जाती, आणि त्या खरोखर एकाच पूर्वजाच्या. हातात भिंग घेऊन बसलेल्या जुन्या लोकांची नजर इथे चुकली नव्हती.

ती नजर कशी असते, ते तुम्ही घरी बघू शकता. पुढच्या पावसाळ्यात एरंडावरचा सुरवंट मिळाला की काचेच्या बशीत ठेवा आणि बशी उचलून खालून दहापट भिंगानं त्याच्या पोटाखालचे गुबगुबीत पाय पाहा. प्रत्येक पायाच्या तळव्याला बारीक आकड्यांची एक कमान दिसेल. टायगर मॉथच्या बहुतेक सुरवंटांत कमानीच्या मधले आकडे लांब आणि दोन्ही टोकांचे एकदम आखूड असतात. पूर्वी लिमँट्रिइडी म्हणत त्या गटातले सुरवंटही केसाळ, नवख्याला सारखेच वाटतात. त्यांचे आकडे साधारण एका उंचीचे. शिवाय त्यांच्या पाठीवर, पोटाच्या सहाव्या आणि सातव्या खंडावर मधोमध लाल किंवा पिवळसर ग्रंथीचा एकेक ठिपका दिसतो. हे दिसलं तर हात लावू नका, त्यांच्यातल्या काहींचे केस चांगलेच खाजतात. केस सारखे असणं म्हणजे नातं नव्हे, हे मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले. झाहिरींच्या २०१२च्या कामानं त्याला जोड दिली. लिमँट्रिइडी हे टायगर मॉथचे सगळ्यांत जवळचे भाऊ निघाले नाहीत. जवळचे निघाले ते दोन गट: एक, जमिनीवरच्या कुजक्या पानांवर जगणारे, अगदी मातकट, कोणाच्या नजरेत न भरणारे हर्मिनिइनी, आणि दुसरे, वड-उंबरावर वाढणारे नारिंगी अंगाचे असोटा.

असोटा तुम्ही पाहिलेला असणार. पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यात ट्यूबलाइटखाली भिंतीला चिकटून बसतो, पंखांखालून नारिंगी पोट डोकावतं. हॅम्पसननं त्यांना हिप्सिडी नावाचं वेगळं कुळ दिलं होतं. नंतर पुष्कळांनी त्यांना टायगर मॉथमध्येच घातलं. आज ते एरेबिडीतलं आपलं स्वतःचं उपकुल सांभाळून आहेत, टायगर मॉथच्या अगदी शेजारी. उलट अमाटाचं झालं. काळ्या पंखात काचेच्या खिडक्या, पोटावर पिवळे पट्टे, उडणंही दिवसा. पहिल्यांदा पाहणारा गांधीलमाशी समजून मागे सरतो, आणि पक्ष्यांनीही तसंच करावं यासाठीच तो वेष आहे. यांचंही एक वेगळं कुळ होतं, सिंटोमिडी. ते आता टायगर मॉथच्या घरातच एक खोली धरून आहेत. आणि ज्याच्यावरून एरेबिडी हे नाव पडलं तो एरेबस म्हणजे पावसाळी रात्री घरात शिरणारा, तळहाताएवढा, पंखावर डोळ्यासारखी खूण असलेला तपकिरी पतंग. लोक त्याला अपशकुनी म्हणून झाडूनं हाकलतात, ते मला फार लागतं. तो निरुपद्रवी आहे. दिवा मालवा, खिडकी उघडा, तो जातो.

आता पेरिकॅलिया आणि ओलेपाकडे. हा बदल कुळाचा नाही, त्याच्या खालच्या पायरीचा, वंशाचा. फॅब्रिशियसनं १७७५ साली या पतंगाला नाव दिलं ते ‘बॉम्बिक्स रिसिनी’. बॉम्बिक्स म्हणजे रेशमाच्या किड्याचा वंश. त्या काळी बरेच जाड अंगाचे पतंग त्यातच टाकत. रिसिनी म्हणजे एरंडाचा. पुढे तो पेरिकॅलियात गेला आणि आपल्या शेतकी पुस्तकांत तेच नाव रुजलं. ओलेपा हा वंश वॉटसननं १९८० साली मांडला. यादीत नाव ‘ओलेपा रिसिनी (फॅब्रिशियस, १७७५)’ असं असेल, तर तो कंस छपाईची हौस समजू नका. नाव देणाऱ्यानं ही जात मुळात दुसऱ्या वंशात ठेवली होती, एवढं तो कंस सांगतो. कंस नसेल, तर वंश पहिल्यापासून तोच.

आणि ‘बहुधा’? ओलेपाच्या भारत-श्रीलंकेतल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. १९८६ साली ओर्हां या फ्रेंच अभ्यासकानं त्यांतल्या काही नव्यानं वेगळ्या काढल्या, त्या नराच्या जननेंद्रियांच्या कठीण भागांचा आकार पाहून. पंखावरचे ठिपके एकाच जातीत कमीजास्त होतात, म्हणून नुसत्या फोटोवर रिसिनी म्हणणं धाडसाचं. पतंग मेला असेल तर टाकू नका, कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे पतंगांवर काम चालतं.

पुडीवर मुलाला स्वतःच्या अक्षरात एवढं लिहायला लावा: कर्वेनगर, नाल्याकाठचा एरंड, सुरवंट आणल्याची तारीख, पतंग निघाल्याची तारीख, वाढवणाऱ्याचं नाव. यामागे माझं एक दुःख आहे. एका महाविद्यालयात (नाव लिहीत नाही) किड्यांच्या पेट्या नव्यानं लावल्या, छापील पाट्या आल्या, सगळीकडे ‘एरेबिडी’ सुबक अक्षरात. पण ते करताना टाचण्यांना खोवलेल्या जुन्या बारीक चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या. त्यांतली एक माझी होती: ‘पर्वतीचा पायथा, जुलै १९८४, रात्री ९, दिव्यावर.’ पतंग अजून तिथे आहे, पण तो पर्वतीचा होता हे आता कोणालाच कळणार नाही. नावाची पाटी शंभरदा बदलता येते, पुन्हा लिहिता येते. ठिकाण आणि दिवस एकदा हरवला की तो पतंग नुसता शोभेचा.

प्रश्न : इंदापूर तालुक्यात माझं दोन एकर सोयाबीन आहे. केसाळ अळी पडली म्हणून माहितीपत्रकं गोळा केली, तर एकात ‘डायक्रिसिया ऑब्लिक्वा’, दुसऱ्यात ‘स्पायलोसोमा ऑब्लिक्वा’ आणि तिसऱ्यात ‘स्पायलार्क्टिया ऑब्लिक्वा’. तीन अळ्या आहेत की एक? तिघींचा बंदोबस्त वेगळा करायचा का?
एक शेतकरी

उत्तर : दादा, अळी एकच. हिला बिहारी केसाळ अळी म्हणतात आणि हीसुद्धा टायगर मॉथचीच. वॉकरनं १८५५ साली तिला नाव दिलं, त्यानंतर तिचा वंश बदलत गेला. डायक्रिसिया सगळ्यांत जुन्या पत्रकांत दिसेल. स्पायलोसोमा बरीच वर्षं चाललं. आता आशियातल्या या जातीला स्पायलार्क्टियात ठेवतात. माहितीपत्रकं जुन्यावरून नवी छापली जातात, म्हणून तिन्ही नावं अजून बाजारात फिरताहेत.

तुम्ही दुसरा शब्द धरून ठेवा: ऑब्लिक्वा. वंश बदलला तरी जातीचं नाव तिच्यासोबत जातं. क्वचित त्याचा शेवट बदलतो, कारण लॅटिनमध्ये विशेषण वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं. आपण काळा घोडा, काळी गाय, काळं वासरू म्हणतो तसं. कुठे ‘ऑब्लिक्वम’ दिसलं तरी गडबडू नका.

बंदोबस्ताचं एवढंच सांगते, कारण तेवढंच मी शेतात उभं राहून पाहिलंय. ही मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी पुंजक्यानं घालते. निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस त्याच पानावर एकमेकींना चिकटून राहतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. असं पान लांबून पांढुरकं, कागदासारखं जाळीदार दिसतं. सकाळी बांधावरून चक्कर मारताना तीच पानं शोधा, अळ्यांसकट खुडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. एका पानात शेकडोंनी अळ्या जातात. मोठ्या होऊन शेतभर पांगल्या की मग हातानं काही होत नाही. फवारणीचं औषध आणि प्रमाण तुमच्या कृषी सहायकांना विचारूनच ठरवा, आणि त्यांना अळी प्रत्यक्ष दाखवा, नुसतं नाव सांगू नका.

प्रश्न : आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर रात्री खिडकीच्या जाळीवर एक पतंग बसला होता. त्याच्या शेपटाकडून चार केसाळ, राखाडी हातासारखं काहीतरी बाहेर आलं आणि फुगत गेलं. मुलं किंचाळली. व्हॉट्सॲपवर असाच व्हिडिओ ‘परग्रहावरचा विषारी किडा’ म्हणून फिरतोय. हे खरं का?
एक वाचक, वाकड

उत्तर : हा आपल्याकडचाच, लिनियसनं १७६३ साली नाव दिलेला क्रिएटोनोटोस गँगिस. टायगर मॉथच, आणि तुम्ही पाहिलात तो नर. ते हात नाहीत, वासाच्या नळ्या आहेत. एरवी पोटात मिटलेल्या असतात. मादीला बोलावताना तो त्या बाहेर काढून फुगवतो. पूर्ण फुगल्या की त्याच्या अंगापेक्षाही लांब होतात. तुम्हाला विष चढेल असं त्यात काही नाही.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. या नळ्या किती मोठ्या होणार, हे तो सुरवंट असताना काय खातो त्यावर ठरतं. काही वनस्पतींत, म्हणजे आपल्या टेकड्यांवरच्या खुळखुळ्यासारख्या झाडांत, कडू द्रव्यं (अल्कलॉइड) असतात. सुरवंटाला ती भरपूर मिळाली तर पतंगाच्या नळ्या मोठ्या होतात आणि वासही त्याच द्रव्यापासून बनतो. मिळाली नाहीत तर नळ्या खुरटतात. एकाच आईची दोन मुलं, एक खुळखुळ्यावर वाढलं, एक दुसऱ्याच पानावर. शेजारी ठेवलीत तर दोन जाती वाटाव्यात. म्हणून वर्गीकरण करताना अशा अवयवाचं माप कधी खूण म्हणून धरू नये. कर्वेनगरच्या पालकांना मी शिरांबद्दल सांगितलं आणि पायांचे आकडे पाहायला लावले ते यासाठीच. पानं बदलली म्हणून ते बदलत नाहीत.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. आमचं घर पौडजवळ आहे. पडवीच्या भिंतीवर शेवाळासारखं राखाडी काहीतरी वाढतं. तिथे मला केसांचा एक छोटा पिंजरा दिसला. चौकोनी जाळी, आणि आत मधोमध एक तपकिरी दाणा लटकलेला. आई म्हणते कोळ्याचं घर, पुसून टाक. पुसू का?
एक विद्यार्थिनी

उत्तर : पुसू नकोस, आणि आईलाही जवळ बोलावून दाखव. ते सायाना नावाच्या टायगर मॉथचं काम आहे. भिंतीवर वाढतं ते राखाडी शेवाळ नाही, दगडफूल आहे. गोड्या मसाल्यात आई घालते त्याचंच भावंड. सायानाचा सुरवंट ते खाऊन वाढतो. त्याच्या गटातले बहुतेक सगळे दगडफुलावरच जगतात, आणि हा गट एके काळी लिथोसिइडी नावाचं स्वतंत्र कुळ धरून होता.

सुरवंटाला कोश व्हायची वेळ आली की तो अंगावरचे लांब केस एकेक करून उपटतो आणि रेशमाच्या धाग्यानं एकमेकांना जोडत स्वतःभोवती ही जाळी उभी करतो. मग आत कात टाकतो. भिंग असेल तर दोन गोष्टी बघ. एक, तो दाणा, म्हणजे कोश, जाळीला कुठेच टेकलेला नाही. दोन-चार धाग्यांवर मधोमध टांगलाय. दुसरी, सुरवंटाची चुरगळलेली जुनी कात पिंजऱ्याच्या आत नाही, बाहेर आहे. आत जागा अडू नये म्हणून त्यानं ती जाळीतून बाहेर ढकललीय.

भिंतीवर पेन्सिलीनं आजची तारीख लिही. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर एकदा बघ. दाणा काळसर झाला की पतंग निघायला आला समज. त्या रात्री पडवीतला दिवा लावू नकोस. सकाळी पिंजरा रिकामा दिसला की जाळीचा फोटो काढ, आणि पतंग जवळच भिंतीवर पंख वाळवत बसला असेल तर त्याचाही. दोन्ही फोटो तारखांसकट मला पाठव.